कोरडी वाइन गोड निघते

१

"ही वाइन गोड आहे," असं म्हणून खवय्येकाकांनी ग्लास खाली ठेवला आणि सगळ्या संध्याकाळचा विचका झाला.

खवय्येकाका म्हणजे वर्तमानपत्रात दर आठवड्याला खाण्यापिण्यावर लिहिणारे गृहस्थ. त्यांनी चांगलं लिहिलं तर हॉटेलाबाहेर रांग लागायची आणि वाईट लिहिलं तर आतले वेटर माश्या मारत बसायचे. त्यामुळे ते 'गोड' म्हणाले तेव्हा लांबलचक टेबलावरचे सगळे हात एकदमच आपापल्या ग्लासांकडे गेले.

त्या रात्रीचं जेवण या वाइनसाठीच मांडलेलं होतं. उंच, निमुळत्या, हिरव्या बाटलीतली जर्मन रीसलिंग. पांढरी आणि कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नाहीच. हिरव्या सफरचंदाचा चावा घेतल्यावर जीभ जशी जागी होते, तशी ती जागी करणारी. हॉटेलाचं वाइनचं तळघर सांभाळणाऱ्या मुलीने ती एका छोट्या मळ्यातून थेट मागवली होती, मधल्या दलालांना फाटा देऊन. तिच्याबरोबर काय खायचं हेही तिनेच ठरवलं होतं: सुपानंतर धुरावलेला ट्राउट मासा, मग सफरचंदाबरोबर भाजलेलं पोर्क आणि शेवटी शेळीच्या दुधाचं चीज.

मासा अजून यायचा होता. सूप संपलं होतं आणि ग्लास नुकते भरले होते.

हॉटेलाच्या मालकीणबाईंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, खरंच गोड आहे!"

"गोड काय म्हणता, मध आहे मध!" त्यांच्या उजव्या हाताला बसलेले वाइनचे पुरवठेदार म्हणाले.

पाहुण्यांतले एकटे दंतवैद्य तेवढे वेगळं बोलले. ते उशिरा आले होते आणि अजून धड खुर्चीत टेकलेही नव्हते. "मला तर चांगली आंबट लागतेय. दात आंबले माझे!" सगळे हसले. दिवसभर लवंगेच्या तेलात बोटं बुडवणाऱ्याला वाइनमधलं काय कळणार?

तळघरवाल्या मुलीने स्वतः घोट घेतला, तोंडात घोळवला. कोरडी. स्वच्छ, धारदार, जशी हवी तशी. तिने तसं सांगितलं.

"म्हणजे आम्ही सगळे खोटे आणि तू एकटी खरी?" मालकीणबाईंचा आवाज चढला. दुसरी बाटली आणली, तिसरी आणली, दंतवैद्य सोडून सगळ्यांना सगळ्या गोडच लागल्या. पाहुणे येण्याआधी बाटल्या उघडून चाखून ठेवायची त्या धंद्यात रीत असते. पण त्यामुळे सीलबंद बाटल्या तिच्याशिवाय कोणी पाहिल्याच नव्हत्या. अस्सल वाइन परस्पर विकून हिने बाटल्यांत स्वस्त माल भरला, असा तर्क टेबलावर कुजबुजत फिरला आणि शेवटी मोठ्याने बोलला गेला.

मालकीणबाईंनी अर्धी भरलेली बाटली उचलली, आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. सकाळी पुरवठेदार, आचारी आणि ती मुलगी यांच्यासमोर कुलूप काढून पुन्हा सगळ्यांना घोट दिला.

वाइन कोरडी ठणठणीत होती. गोडव्याचा मागमूस नाही.

"या कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "एक माझ्या कमरेला असते. दुसरी तुझ्याकडे."

२

त्या मुलीच्या सासूला तिच्या जुन्या कचेरीत भिंगबाई म्हणत. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. जळालेल्या गोदामांची राख चिवडून, मालकाने माल आधीच हलवला होता की नाही, हे त्या सांगायच्या. निवृत्त झाल्यावर भिंग फिरवायला घर उरलं आणि घरात सून. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे दोघींच्या मधे पडायलाही कोणी नव्हतं. भाजीतल्या मिठापासून पडद्यांच्या रंगापर्यंत त्यांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

पण त्या सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच थांबल्या. सूनबाईने टेबलावर वाट्या मांडल्या होत्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत साखरेचं, एकीत लिंबाचं. ती डोळे मिटून एकेक चमचा तोंडात घालत होती.

"हे काय चाललंय?"

"आई, तुम्ही वाट्या फिरवा. मी बघणार नाही. एकेक चमचा द्या."

भिंगबाईंनी वाट्या फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. सूनबाईने प्रत्येक चव बिनचूक ओळखली. तरी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एवढी माणसं काय उगाच गोड म्हणतील?" ती म्हणाली. "चोर म्हणाले त्याचं मी बघून घेईन. पण माझी जीभच मेली असेल तर? आमच्या धंद्यात जीभ गेली की काही राहत नाही. आज दुपारी मालकीणबाई तळघर पुरवठेदारांच्या हवाली करणार आहेत. मग पोलिसांत तक्रार देणार."

"उरलेल्या बाटल्या तपासून घ्या म्हणावं."

"त्या कोरड्याच निघतील, आई. मग म्हणतील, देखाव्यापुरत्या खऱ्या ठेवल्या."

भिंगबाईंनी वाइन कधी तोंडाला लावली नव्हती. पण खोटं बोलणारी माणसं त्यांनी पोत्याने पाहिली होती आणि ही मुलगी खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भाजी खारट झाली तर 'झाली खारट' असं तोंडावर सांगणारी ती. अशी माणसं चोरी करायला लायकच नसतात.

"तू घरीच थांब," त्यांनी चपला पायात सरकवल्या. "घरात मी तुला काय बोलायचं ते बोलेन. बाहेरच्यांनी बोलायचं काम नाही."

३

मालकीणबाईंनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"तुमची सून म्हणून तुम्हाला पुळका येणारच. पण मी माझ्या जिभेने चाखलंय. रात्री गोड आणि सकाळी कोरडी! बाटलीला काय पाय फुटले?"

"रात्री किल्ली वापरली असं कोणी पाहिलं?"

"पाहिलं नाही. पण तिच्या बाजूने फक्त दंतवैद्य बोलले आणि ते तिच्या ओळखीचे. दाढ दुखली की ती त्यांच्याकडेच जाते. आधीच ठरलेलं असणार!"

भिंगबाई तडक दंतवैद्यांकडे गेल्या. दंतवैद्य एका माणसाच्या उघड्या जबड्यात डोकावत होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं.

"मी कशाला कोणाची बाजू घेऊ, काकू? एका पेशंटने उशीर केला म्हणून धावतपळत पोचलो. घसा सुकला होता. समोर ग्लास दिसला, उचलला, प्यायलो. आंबट होती, आंबट म्हणालो. तेव्हापासून सगळे मला वेड्यात काढतायत." मग जबड्यातल्या माणसाला म्हणाले, "तुम्ही नका हसू, बंद होईल तोंड."

तिथून त्या पुरवठेदारांच्या दुकानात गेल्या. दुकान थंडगार होतं, लाकडी मांडण्यांवर बाटल्या आडव्या निजवलेल्या. पुरवठेदारांनी खुर्ची पुढे केली, स्वतः रुमालाने पुसून. माणूस लोण्यासारखा मऊ.

"फार वाईट वाटलं हो, बाई. हुशार पोरगी. पण मोह कोणाला सुटलाय? माझ्याकडून माल घेतला असता तर ही पाळी आली नसती. ती थेट मळ्यातून मागवायला गेली."

"तुमचं नुकसानच झालं की."

"छे! धंदा आहे. चालायचंच."

सकाळपासून काही न खाल्ल्यामुळे भिंगबाईंना गरगरल्यासारखं झालं. त्यांनी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला आणि रीत म्हणून त्यांच्यापुढेही धरला.

"नको, नको. आत्ता नमुने चाखायचेत. पहिला घोट पोटात जाईपर्यंत मी काही खात नाही. जीभ कोरी पाहिजे. फार तर पावाचा कोरडा तुकडा आणि पाणी. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा पहिला घोट आधी आणि घास नंतर! बायको अजून टोमणे मारते." ते मनापासून हसले. "म्हणून तर काल पहिल्या घोटातच ओळखलं. मध होता नुसता!"

त्यांच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. भिंगबाई आभार मानून बाहेर पडल्या. मनाला काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना. दुपार जवळ येत होती.

४

हॉटेलच्या स्वयंपाकघरात आचारीबुवा सुरीला धार लावत होते आणि ती कोणासाठी लावतायत असा प्रश्न पडावा, असा त्यांचा चेहरा होता.

"तुमची सून आणि मी आठवडाभर बोलत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "माझ्या सॉसमधलं व्हिनेगर वाइनला मारतं म्हणे. माझ्या सॉसला मारेकरी म्हणते! माझ्या हातचं खाऊन माणसं रडली आहेत, बाई, आनंदाने."

"म्हणून तुम्ही तिच्या बाटल्यांत साखर घातलीत?"

सुरी थांबली. आचारीबुवा लालबुंद झाले. "माझं भांडण मी तोंडाने करतो. आणि ती भांडखोर आहे, चोर नाही. हे मी मालकीणबाईंनाही सांगितलं. पण काल रात्री मलाही ती वाइन गोड लागली, तिथे मी काय करू?"

"काल जेवणात आणखी काही वावगं घडलं?"

"घडलं ना! माझं सूप परत आलं." हे दुःख जास्त खोल होतं. "परत येणारं प्रत्येक भांडं मी स्वतः बघतो. सगळी भांडी चाटूनपुसून आली आणि एक वाडगं काठोकाठ भरलेलं. वरची सायीची नक्षीसुद्धा मोडली नव्हती! निदान चमचा तरी बुडवायचा."

"दंतवैद्यांचं असेल. ते उशिरा आले होते."

"उशिरा येणाऱ्याला मी सूप पाठवत नाही. नियम म्हणजे नियम. दुसऱ्याच कोणाचं होतं, आणि कोणाचं ते कळलं तर..." त्यांनी सुरीकडे पाहिलं.

"उरलंय का थोडं?"

एवढं विचारताच आचारीबुवा विरघळले. फ्रिजमधून वाडगं आलं. भिंगबाईंनी सूप खाल्लं. हिरवंगार, दाट, मागे किंचित कडवट. छान होतं आणि तसं त्या म्हणाल्याही. मग नळाचं पाणी प्यायल्या आणि ग्लासकडे बघत राहिल्या.

"पाण्यात साखर घातलीत का हो?"

"पाण्यात कशाला साखर घालीन?"

त्यांनी पुन्हा घोट घेतला. पाणी गोड लागत होतं. लहानपणी आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की लागायचं, अगदी तसं. तेव्हा त्या विहिरीत कोणी गूळ टाकला म्हणून शोधत फिरल्या होत्या. विहीर तीच असायची, बदललेली असायची ती जीभ.

भिंगबाईंनी ग्लास ठेवला. "आचारीबुवा, सुपात काय काय आहे?"

"मटार. जेवणाच्या पत्रिकेवर छापलंय."

"आणि?"

आचारीबुवांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि कोपऱ्यातली टोपली पुढे ओढली. टोपलीत जाड खवल्यांच्या, कमळाच्या कळ्यांसारख्या दिसणाऱ्या हिरव्या कळ्या होत्या.

"आर्टिचोक. मटार नावाला, खरी चव यांची. पत्रिका आधीच छापून झाली होती आणि तुमच्या सुनेशी बोलणं बंद, म्हणून कोणाला सांगितलं नाही. अशा ताज्या कळ्या रोज मिळतात का? भेट आल्या होत्या."

"कोणाकडून?"

"पुरवठेदारांकडून. दिलदार माणूस! सुपाची कल्पनाही त्यांचीच. पाहुण्यांना खवले सोलत बसवू नका, म्हणाले."

५

भिंगबाईंनी तिथूनच घरी फोन लावला.

"वाइनच्या आधी आर्टिचोक खाल्लं तर काय होतं गं?"

 पलीकडून सूनबाई जवळजवळ ओरडलीच. "आर्टिचोक? वाइनच्या आधी? कोणी वाढलं? आई, त्याच्यानंतर बहुतेकांना सगळंच गोड लागतं! आमच्या धंद्यात ही पहिली शिकवण. जगातली कुठलीही वाइन आणा, त्या भाजीपुढे ती टिकत नाही. पण सूप तर मटारचं होतं..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझी जीभ बरोबर होती?"

"तुझी जीभ बरोबर होती. आता तोंड धू आणि इकडे ये."

फोन ठेवल्यावर मात्र त्या तिथल्याच एका स्टुलावर बसल्या. वाइन गोड का लागली ते कळलं होतं. पण पुरवठेदार हात वर करून मोकळा होणार होता. 'मी भाजी भेट दिली, वाइनच्या आधी वाढा असं कुठे म्हटलं?' टोपली भेट देणं काही गुन्हा नाही. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्याने आवळा कपटाने दिला, हे सिद्ध कसं करायचं?

बाहेर गाडीचं दार आपटलं. पुरवठेदार तळघराच्या करारावर सही घ्यायला आले होते.

भिंगबाई शांतपणे विचार करत राहिल्या. राख चिवडायची तर घाई चालत नाही. आर्टिचोक ज्यांनी खाल्लं त्यांना वाइन गोड लागली. दंतवैद्यांनी खाल्लं नाही, त्यांना आंबट लागली. आणि एक वाडगं भरलेलं परत आलं, म्हणजे टेबलावर आणखी एक जण होता, ज्याने सूप खाल्लं नव्हतं. त्याची जीभ साफ होती. त्यालाही वाइन आंबटच लागायला हवी होती.

पण दंतवैद्य सोडून कोणीच आंबट म्हणालं नव्हतं.

त्या ताडकन उठल्या. आता त्यांना नाव माहीत होतं.

६

मालकीणबाईंच्या खोलीत करार टेबलावर पसरला होता. भिंगबाई आत शिरल्या, मागोमाग वाडगी आणि चमचे घेऊन आचारीबुवा, आणि त्यांच्या मागे धापा टाकत आलेली सूनबाई.

"सही नंतर करा," भिंगबाई म्हणाल्या. "आधी कपाटातली ती बाटली काढा आणि एक घोट घ्या."

"सकाळी घेतलाय मी."

"पुन्हा घ्या. एवढी चोरीची तक्रार करणार आहात, एक घोट जड जाणार नाही."

मालकीणबाईंनी कपाळाला आठ्या घालून घोट घेतला. कोरडी.

"आता दोन चमचे सूप. आणि मग त्याच ग्लासातला दुसरा घोट."

मालकीणबाईंनी तो घोट घेतला आणि ग्लास डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागल्या, जणू आत कोणी लपलं असावं. "गोड लागतेय," त्या पुटपुटल्या. "पण ही तर तीच..."

"तीच. रात्रीही तीच होती, सकाळीही तीच. बाटली कोणी बदलली नाही. बदलल्या तुमच्या जिभा आणि सकाळपर्यंत त्या ठिकाणावर आल्या. सुपात आर्टिचोक होतं."

पुरवठेदारांनी कपाळावर हात मारला. सुरेख मारला. "अरेरे! माझीच टोपली! मला काय कल्पना, वाइनच्या आधी वाढतील म्हणून? चांगलं करायला गेलो आणि काय होऊन बसलं! मीही फसलो ना, बाई. मलाही मधासारखी लागली."

"सूप खाल्लंत म्हणून?"

"हो तर. सुंदर सूप होतं."

"सगळं संपवलंत?"

"शेवटच्या थेंबापर्यंत!"

आचारीबुवांची मान हळूहळू त्यांच्याकडे वळली. "एक वाडगं भरलेलं परत आलं होतं," ते म्हणाले.

"ते त्या दातांच्या डॉक्टरांचं असेल."

"त्यांना मी पाठवलंच नव्हतं."

 मग मालकीणबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही माझ्या उजव्या हाताला होतात. पाव चघळत होतात. मी सूप घ्या म्हटलं, तर म्हणालात, पहिला घोट झाल्याशिवाय नाही."

"मलाही आज सकाळी दुकानात तेच सांगितलंत," भिंगबाई म्हणाल्या. "जन्माची सवय. इतकी अंगवळणी पडलेली, की स्वतः लावलेल्या सापळ्यातलं आमिषसुद्धा तुमच्याच्याने खाववलं नाही. कोऱ्या जिभेने तुम्ही ती वाइन प्यायलात. ती तुम्हाला कोरडीच लागली. तरी मध म्हणालात, कारण बाकीच्यांना ती कशी लागणार, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"मी... सगळे म्हणाले म्हणून मीही म्हटलं. खवय्येकाकांच्या विरुद्ध कोण बोलणार?"

"मग आत्ता सूप संपवलं, असं खोटं का सांगितलंत?"

 पुरवठेदारांचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता. ते टोपी उचलून निघाले, तेव्हा आचारीबुवांनी दार उघडून धरलं. मात्र बाजूला व्हायला त्यांनी बराच वेळ घेतला.

७

मालकीणबाईंनी करार फाडला. सूनबाईचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "चुकले गं. उद्यापासून ये. झालं गेलं विसरून जाऊ."

"मी नाही विसरणार," सूनबाई म्हणाली. "तुम्ही मला खोलीत चोर नाही म्हटलं. टेबलावर, सगळ्यांसमोर म्हटलं. तेच टेबल मांडा, तेच पाहुणे बोलवा, तीच वाइन वाढा. काय घडलं ते तुम्ही त्यांना सांगा. मग मी येईन."

मालकीणबाईंनी भिंगबाईंकडे पाहिलं, सासू म्हणून काही समजूत घालतील या आशेने. भिंगबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना सुनेचा इतका अभिमान वाटत होता की तो चेहऱ्यावर दिसू नये, याची त्यांना धडपड करावी लागत होती.

टेबल पुन्हा मांडलं गेलं. आचारीबुवांनी सॉस करण्याआधी तळघराच्या पायऱ्यांवर येऊन घसा खाकरला आणि "व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का?" असं विचारलं. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी माफी कोणालाही मिळाली नसती. सूप या वेळी खरोखरच मटारचं होतं. मालकीणबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही न गाळता. दंतवैद्यांनी छाती पुढे काढून चौफेर पाहिलं. भिंगबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. समोरच्या ग्लासाला हात लावायचा नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं, पण माशाचा वास फार चांगला येत होता.

सूनबाई हिरवी बाटली घेऊन आली. टेबलावरचं बोलणं थांबलं. सगळ्यांच्या नजरा आपोआप खवय्येकाकांकडे वळल्या, कारण पहिला निकाल नेहमी त्यांचाच असायचा. काकांनीही सवयीने ग्लास पुढे केला.

सूनबाईने तिकडे पाहिलंही नाही. तिने आधी स्वतःच्या ग्लासात घोटभर ओतली, सगळ्यांसमोर ती तोंडात घोळवली आणि गिळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग तिने काकांचा ग्लास भरला. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, अभिप्राय देण्यासाठी बोट वर केलं आणि डोळे उघडले, तेव्हा ती दंतवैद्यांचा ग्लास भरत होती.